चेंडू सुटतो कुठे, वळतो कुठे

मैदानावरचं विज्ञान : भाग ९

उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्या गोल्फरचा चेंडू बहुधा उजवीकडे वळतो आणि झाडीत जाऊन पडतो. या वळणाला स्लाइस म्हणतात. चेंडू उजवीकडे जातोय म्हटल्यावर माणूस पुढचा फटका साहजिकच थोडा डावीकडे ओढून मारतो. चेंडू आणखी उजवीकडे जातो. मग तो अजून जोरात डावीकडे ओढतो. असं करत करत पिशवीतले चेंडू संपतात, पण उजवं वळण काही संपत नाही.

जगभरच्या गोल्फ कोर्सवर हे रोज घडतं. त्याला खेळाडूचा आडमुठेपणा कारणीभूत नाही. चेंडू का वळतो याचं जे उत्तर त्याला पुस्तकांनी आणि शिक्षकांनी कित्येक वर्षं दिलं, तेच अर्धं चुकीचं होतं. आजचा भाग त्या उत्तराबद्दल आहे.

पालघर-बोईसरच्या वाचकाला गोल्फशी काय देणंघेणं, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी गोल्फ टीव्हीवरच पाहिलेला. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, पुण्याचा उदयन माने खेळला तेव्हा दोन-चार दिवस बातम्या वाचल्या असतील, तेवढंच. पण गंमत अशी की, गोल्फमध्ये खोटा ठरलेला तो नियम आपला गोलंदाज शार्दूल ठाकूर याच्या हातातून सुटणाऱ्या चेंडूला मात्र बरोबर लागू पडतो. एका खेळातला खोटा नियम दुसऱ्या खेळात खरा कसा होतो, हे एकदा उमगलं की गोल्फही कळतो आणि स्विंग गोलंदाजीही. म्हणून हा वळसा.

आधी गोल्फ. फटक्यात दोन दिशा महत्त्वाच्या असतात. क्लबचं सपाट तोंड, म्हणजे क्लबफेस, चेंडूला लागताना कुठे बघतंय, ही पहिली. क्लबचं डोकं त्या क्षणी कुठल्या दिशेने चाललंय, ही दुसरी. तिला पाथ म्हणतात. पाहणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. प्रत्यक्षात त्या तंतोतंत जुळतात असं क्वचित होतं. हात, मनगट, कंबर यांच्या फिरण्यात क्लब एका वाटेने येतो आणि त्याचं तोंड भलतीकडेच उघडलेलं किंवा मिटलेलं असतं.

जुना नियम असा होता: चेंडू पाथच्या दिशेने सुटतो आणि मग फेस जिकडे बघत होता तिकडे वळत जातो. ऐकायला पटतो. हात ज्या दिशेने फिरला त्या दिशेने चेंडू जाणार, यात चुकीचं काय? नामवंत खेळाडूंनी पुस्तकांत हेच लिहिलं, शिक्षकांनी हेच शिकवलं. खरं तर ॲलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स या दोघांनी ब्रिटनमधल्या गोल्फच्या वैज्ञानिक अभ्यासावर १९६८ साली एक जाडजूड पुस्तक काढलं होतं, आणि चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः फेस ठरवतो हे त्यात आलेलं होतं. पण मैदानावरच्या शिकवणीत ते झिरपलं नाही. डेन्मार्कमध्ये २००३ साली ट्रॅकमन नावाची कंपनी निघाली आणि तिने रडारवर चालणारं यंत्र आणलं. सुटलेला चेंडू आणि त्याआधीचा क्लब, दोघांची मोजमापं समोर पडद्यावर दिसायला लागली, तेव्हा कुठे वाद मिटला. छापलेलं पुस्तक चाळीस वर्षं पडून राहिलं आणि यंत्राने काही वर्षांत सगळ्यांचं मत बदललं. शिक्षणाच्या बाबतीत हे काही नवं नाही.

मोजमापं काय सांगतात? ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, घेतला तर चेंडू सुटतो त्या दिशेत फेसचा वाटा साधारण ८५ टक्के आणि पाथचा १५ टक्के. आयर्न, म्हणजे कमी अंतरासाठीचे क्लब, यांच्यात फेसचा वाटा ७५ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे चेंडू मुख्यतः फेस जिकडे बघतो तिकडेच सुटतो. आणि पुढे हवेत तो वळतो ते फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकामुळे. फेस पाथच्या उजवीकडे बघत असेल तर वळण उजवं, डावीकडे बघत असेल तर डावं. फरक जितका जास्त तितकं वळण मोठं.

हे असं का, ते समजायला आघाताच्या क्षणात शिरावं लागतं. हा क्षण फार छोटा आहे. चेंडू क्लबला लागून असतो तो जेमतेम अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. ताशी १६० किलोमीटर वेगाने आलेलं क्लबचं डोकं तेवढ्या वेळात जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर पुढे सरकतं. खेळाडूच्या मेंदूला आघात झाल्याचं कळेपर्यंत चेंडू कधीच निघून गेलेला असतो. या सव्वादोन सेंटिमीटरांत दोन गोष्टी घडतात. चेंडू फेसवर चेपतो आणि पुन्हा फुलतो. फुलताना तो फेसला काटकोनात ढकलला जातो. ही मोठी ढकल. दुसरं म्हणजे क्लब फेसच्या काटकोनात न येता थोडा तिरका आला असेल तर फेस चेंडूला घासून जातो. घर्षणाची ही ढकल छोटी. मोठी ढकल फेसच्या हुकमाने आणि छोटी पाथच्या ओढीने, म्हणून ८५ आणि १५. आयर्न, वेज असल्या क्लबांचं तोंड वर कललेलं असतं, आघात जास्त तिरका होतो, घासणं वाढतं आणि पाथचा वाटाही वाढतो.

पण घर्षणाचं खरं काम दिशा देणं नव्हेच. ते चेंडूला गिरकी देतं. ड्रायव्हरच्या चांगल्या फटक्यात चेंडू मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेरे घेतो, तेही उलटे, म्हणजे चेंडूचा वरचा भाग खेळाडूकडे मागे येत असतो. फिरणारा चेंडू आजूबाजूच्या हवेला स्वतःबरोबर ओढतो आणि मागे सुटणाऱ्या हवेचा झोत खाली वळवतो. हवा खाली लोटली गेली की चेंडू वर उचलला जातो. सातपाटी बंदरातून निघालेल्या बोटीचं सुकाणू पाणी एका बाजूला लोटतं आणि बोटीचा मागचा भाग दुसऱ्या बाजूला सरकतो, तसंच हे. गोल्फचा चेंडू इतका वेळ हवेत राहतो तो या उचलण्यामुळे. एडिंबरोचे प्राध्यापक पी. जी. टेट यांनी १८९० च्या दशकात हे गणिताने मांडलं. त्यांचा मुलगा फ्रेडी हा ब्रिटनचा हौशी गोल्फ विजेता होता, त्यामुळे घरात विषयाला तोटा नव्हता. फिरत्या गोळ्याच्या वळणाला मात्र नाव मिळालं जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस याचं, त्याच्या १८५२ च्या प्रयोगांमुळे. टेनिसच्या चेंडूचं वळण न्यूटनने त्याच्याही पावणेदोनशे वर्षं आधी एका पत्रात नोंदवलेलं आहे.

आता एक गैरसमज काढून टाकू. वळणाऱ्या चेंडूला "साइडस्पिन" मिळाला असं सगळेच म्हणतात, समालोचकही. जणू चेंडू एकाच वेळी मागेही फिरतोय आणि बाजूलाही फिरतोय. तसं होत नाही. गोळा एका क्षणी एकाच अक्षाभोवती फिरू शकतो. फेस आणि पाथ जुळलेले असतील तर हा अक्ष जमिनीला समांतर असतो आणि चेंडू सरळ वर उचलला जातो. दोघांत फरक पडला की अक्ष कलतो. मग उचलणारं बलही कलतं, त्याचा काही भाग चेंडूला वर धरतो आणि काही भाग बाजूला ओढतो. वळण म्हणतात ते एवढंच. उजवा स्लाइस मारणाऱ्याचा चेंडू लांबही जात नाही, त्याचं एक कारण हेच: उचलण्याची ताकद बाजूला ओढण्यात खर्ची पडते.

आता त्या झाडीत चेंडू घालवणाऱ्या माणसाकडे परत जाऊ आणि आकडे घालून बघू. समजा त्याचा पाथ लक्ष्याच्या ५ अंश डावीकडे आहे आणि फेस लक्ष्याच्या ३ अंश उजवीकडे उघडा. जुन्या नियमाप्रमाणे चेंडू ५ अंश डावीकडे सुटायला हवा; दोनशे मीटरवर ही चूक साडेसतरा मीटर डावीकडची होते. प्रत्यक्षात काय होतं? तीनचे ८५ टक्के उजवीकडे, पाचचे १५ टक्के डावीकडे. बेरीज केली की चेंडू जवळजवळ १.८ अंश उजवीकडे सुटतो. आणि फेस-पाथमधला फरक तब्बल ८ अंशांचा, त्यामुळे आधीच उजवीकडे सुटलेला चेंडू आणखी उजवीकडे वळतो. आता हा गृहस्थ काय करतो? जुना नियम मानून पाथ अजून डावीकडे नेतो, ८ अंशांवर. फेस आहे तिथेच. सुटण्याची दिशा जेमतेम अर्ध्या अंशाने सुधारते, पण फरक ८ वरून ११ होतो. वळण वाढतं. तो जितका मन लावून सुधारणा करेल तितका खड्ड्यात जाईल. उपाय उलटा आहे: पाथ उजवीकडे आणायचा आणि फेस मिटवायचा. हे मनाला इतकं विचित्र वाटतं की रडारचा पडदा समोर असल्याशिवाय बहुतेकांचा विश्वास बसत नाही.

याहून विचित्र प्रकारही आहे. फेस लक्ष्याच्या ३ अंश डावीकडे आणि पाथ ७ अंश डावीकडे. फेस चक्क डावीकडे बघतोय, तरी चेंडू हवेत उजवीकडे वळतो, कारण पाथच्या मानाने फेस उजवीकडे आहे. डावीकडे सुटून उजवीकडे परतणारा हा चेंडू निष्णात खेळाडू मुद्दाम मारतात. त्याला फेड म्हणतात. उलट बाजूचा तो ड्रॉ, आणि हाताबाहेर गेलेला ड्रॉ म्हणजे हूक. हुकाचा सर्वांत गाजलेला नमुना २०१२ च्या मास्टर्स स्पर्धेतला. प्लेऑफमध्ये बब्बा वॉटसनचा चेंडू पाइनच्या झाडांत गेला होता, समोर होलभोवतीची हिरवळ दिसत नव्हती. त्याने वेजने चेंडू असा मारला की तो झाडांतून बाहेर पडून सुमारे चाळीस यार्ड वळला आणि हिरवळीवर जाऊन थांबला. वॉटसन डावखुरा, म्हणून त्याचा हूक उजवीकडे वळतो. मास्टर्सचं विजेतेपद त्याला त्याच फटक्याने मिळवून दिलं. हा माणूस रीतसर शिकवणीशिवाय खेळ शिकलेला, आणि मला वाटतं तेच त्याच्या पथ्यावर पडलं. जुना नियम त्याच्या डोक्यात कुणी घातलाच नव्हता.

गोल्फचा हा स्लाइस आपल्याकडेही रोज दिसतो, फक्त त्याला ते नाव नाही. भात कापून झालं की पालघर, बोईसर, सफाळे, डहाणूकडच्या शेतांत पीच तयार होतं आणि टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. उजव्या हाताचा फलंदाज एक्स्ट्रा कव्हरवरून उंच फटका मारायला जातो. बॅटचा फेस जरा उघडा राहतो. चेंडू उंच जातो, कव्हरचा क्षेत्ररक्षक खाली येऊन उभा राहतो आणि चेंडू हवेतच पॉइंटकडे सरकायला लागतो. कॅच सुटतो, कर्णधार ओरडतो. खरं म्हणजे क्षेत्ररक्षकाचा दोष नाही. बॅटचा फेस आणि बॅटचा पाथ यांच्यात फरक पडला, चेंडूचा अक्ष कलला आणि टेनिसचा हलका चेंडू, जेमतेम ५६ ते ५९ ग्रॅमचा, हवेने सहज बाजूला नेला. लेदरच्या चेंडूतही हे होतं, पण तो जवळजवळ तिप्पट जड असल्याने वळण कमी. उंच कॅचखाली जाताना फलंदाजाच्या बॅटचा फेस कुठे बघत होता हे लक्षात ठेवणारा क्षेत्ररक्षक दोन पावलं आधीच सरकून उभा असतो. आपल्या मुलांना ही एक गोष्ट शिकवली तरी या लेखाचं काम झालं.

आता शार्दूल. पालघर तालुक्यातल्या माहीमचा हा मुलगा, जन्म १६ ऑक्टोबर १९९१. बोईसरच्या शाळेकडून खेळताना प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला पाहिलं आणि बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत आणलं. रोहित शर्मा याच शाळेचा. रोजचा प्रवास झेपेना म्हणून लाडांनी त्याला वर्षभर स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात शार्दूलने एका षटकात सहा षटकार मारले ते तेव्हाच. पुढे मुंबईच्या सरावासाठी पालघरहून पहाटेची गाडी, पाठीवर किट. चर्चगेट इथून नव्वदेक किलोमीटर. डहाणूपर्यंत लोकल यायलाच एप्रिल २०१३ उजाडलं, त्याआधीची गर्दी आणि गाड्यांचे वांधे या पट्ट्यातल्या वाचकाला मी सांगायला नको. भारताकडून दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून आल्यावर २०१८ मध्ये तो अंधेरीहून लोकलनेच पालघरला आला, आणि डब्यातली मुलं मोबाईलवर त्याचा फोटो शोधून हा तोच का हे पडताळत होती. "पालघर एक्सप्रेस" हे नाव त्याला उगाच पडलेलं नाही.

उंची फार नाही, वेगही १४५-१५० चा नाही. साधारण १३० ते १३५. मग चालतं कशावर? बऱ्याच अंशी शिवणीवर. लेदरच्या चेंडूची शिवण उभारलेली असते. आउटस्विंगसाठी गोलंदाज ती स्लिपच्या दिशेने थोडी तिरकी धरतो, पारंपरिक स्विंगला वीसेक अंशांचा कोन चांगला. चेंडू पुढे निघतो तेव्हा हवेचा एक पातळ थर त्याला चिकटून वाहतो. शिवण ज्या बाजूला पुढे आलेली असते तिथे हा थर टाक्यांना अडखळतो आणि खळबळतो. खळबळलेला थर चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो. दुसऱ्या तुळतुळीत बाजूवर थर शांत असतो आणि लवकर सुटतो. एका बाजूची हवा लवकर सुटली, दुसऱ्या बाजूची उशिरा, त्यामुळे मागचा झोत एकीकडे वळतो आणि चेंडू उलट्या बाजूला, म्हणजे शिवण जिकडे बघते तिकडे, ढकलला जातो.

इथे गिरकी वळण देत नाही, हे नीट लक्षात घ्या. गोलंदाज बोटांनी चेंडूला मागे गिरकी देतो ती शिवण डगमगू नये म्हणून. फिरता चेंडू आपला अक्ष सोडत नाही, त्यामुळे शिवण अठरा-वीस मीटर तशीच राहते. मनगट चेंडूच्या बरोबर मागे नसलं की अक्ष बिघडतो, शिवण हेलकावे खाते आणि स्विंग गेला. गोल्फमध्ये गिरकी हीच गाडीची चाकं. स्विंग गोलंदाजीत ती फक्त राखणदार.

आणि आता तो जुना नियम. गोल्फचा चेंडू टक्कर होऊन सुटतो, म्हणून फेसचा हुकूम चालतो. गोलंदाजाचा चेंडू टक्कर होऊन सुटत नाही. तो हातात असतो, हाताबरोबर वेग घेतो आणि बोटांतून निसटतो. निसटताना हात ज्या दिशेने चाललाय त्याच दिशेने तो जातो. शिवण कुठे बघते याचा सुटण्याच्या दिशेवर काहीच परिणाम होत नाही. पुढे हवेत मात्र वळण होतं ते शिवणीच्या दिशेला. म्हणजे चेंडू पाथवर सुटतो आणि फेस जिकडे बघतो तिकडे वळतो. शब्दाला शब्द तोच नियम, जो गोल्फरांनी आयुष्यभर चुकीच्या ठिकाणी लावला. दिशा दोनच असतात, दोन्ही खेळांत. त्यातली कोणती सुरुवात ठरवते हे चेंडू आपटून सुटतो की निसटून, यावर अवलंबून आहे. जुना नियम मांडणाऱ्यांनी चेंडू फेकल्यासारखा कल्पिला असावा, असा माझा अंदाज आहे.

फलंदाजाला "उशिरा झालेला स्विंग" सर्वांत जास्त छळतो. त्यामागे फार मोठी जादू नाही, आकडे पाहा. ताशी १३० किलोमीटरने निघालेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी पोहोचतो. बाजूचं बल चेंडूच्या वजनाच्या एक तृतीयांश धरलं, जे चांगल्या स्विंगसाठी अवास्तव नाही, तर अर्ध्या सेकंदात चेंडू सुमारे ४० सेंटिमीटर सरकतो. पण हे सरकणं वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढतं. पहिल्या पाव सेकंदात फक्त १० सेंटिमीटर, उरलेल्या पाव सेकंदात ३०. फलंदाज पहिल्या पाव सेकंदात चेंडू पाहून फटका ठरवतो. त्याच्या लेखी चेंडू जवळजवळ सरळ आलेला असतो. बॅटची रुंदी असते पावणेअकरा सेंटिमीटर, आणि शेवटच्या टप्प्यातलं वळण तिच्या जवळजवळ तिप्पट. बल सुरुवातीपासून सारखंच असतं. उशीर होतो तो आपल्या डोळ्यांना.

वेगाबद्दलही एक समज आहे की जास्त वेग म्हणजे जास्त स्विंग. नासाच्या एम्स केंद्रातले रवींद्र मेहता यांनी याचा सखोल अभ्यास केला आहे. शाळेत असताना ते इंग्लंडमध्ये इम्रान खानबरोबर क्रिकेट खेळलेले. त्यांच्या वाऱ्याच्या बोगद्यातल्या प्रयोगांत नव्या चेंडूचं पारंपरिक स्विंगचं बल ताशी ११० ते ११५ किलोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त आढळलं. वेग त्याच्या बराच पुढे गेला की तुळतुळीत बाजूचा थरही आपोआप खळबळायला लागतो, दोन्ही बाजूंतला फरक मिटतो आणि स्विंग आटतो. तेव्हा शार्दूलचा वेग कमी म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. एक्सप्रेस गोलंदाजापेक्षा त्याचा वेग स्विंगला जास्त सोयीचा आहे.

मात्र त्याचं प्रत्येक यश स्विंगच्या खात्यात टाकणंही चूक. जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला त्याने ६१ धावांत ७ बळी घेतले, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटीतली भारतीयाची ती सर्वोत्तम कामगिरी. (सामना भारताने गमावला, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.) जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे १७०० मीटर उंच आहे. तिथली हवा केळव्याच्या किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा पंधरा टक्क्यांच्या आसपास विरळ. हवा विरळ तर तिची ढकलही कमी. तिथे कामाला आली ती मुख्यतः शिवण टप्प्यावर आपटून मिळणारी हालचाल, जिच्यात हवेचा हात नसतो. त्यासाठीही शिवण सरळ आणि स्थिर लागतेच, म्हणजे मनगटाची कमाई दोन्हीकडे वसूल होते.

शेवटी खाऱ्या वाऱ्याबद्दल. शिरगाव, केळवे, चिंचणी, तारापूर इथे वाढलेल्या प्रत्येक क्रिकेटरने ऐकलेलं असतं: समुद्राकडची दमट हवा जड, म्हणून चेंडू जास्त वळतो. दमट हवा जड नसते. पाण्याचा रेणू हवेतल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका, त्यामुळे त्याच दाबाची आणि तापमानाची दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते; फरक एखाद्या टक्क्याचा. नुसत्या दमटपणाने स्विंग वाढतो असं प्रयोगांत ठामपणे दिसलेलं नाही. एक पटण्यासारखं मत असं आहे की ढगाळ दिवशी किंवा सकाळी जमीन तापलेली नसते, हवेत उकळ्या फुटत नाहीत, आणि शांत हवेत तुळतुळीत बाजूचा नाजूक थर टिकतो. पालघरच्या मैदानांवर सकाळी सकाळी चेंडू बोलतो आणि दुपारी समुद्राचा वारा सुटला की गप्प होतो, असं जुने खेळाडू सांगतात, ते याच्याशी जुळणारं आहे. दमटपणाला दिलेलं श्रेय बहुतेक शांतपणाचं आहे.

वाचकांना एक विनंती. टेनिसच्या चेंडूच्या बरोबर अर्ध्या भागावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी गुळगुळीत लावा. शिवणीसारखी जोडरेषा फलंदाजाकडे सरळ ठेवून, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, किनाऱ्यावर एकाच गोलंदाजाकडून टाकून घ्या. चिकटपट्टी कुठल्या बाजूला होती, चेंडू कुठे वळला, वारा कुठून होता आणि गोलंदाज जोरात टाकत होता की हळू, एवढं लिहून कळवा. पुढच्या भागात जुना चेंडू आणि रिव्हर्स स्विंग घ्यायचा आहे. तुमच्या नोंदी तिथे उपयोगी पडतील.